साठीच्या उंबरठ्यावर शिडाची नौका

प्रश्न : माझे वय 58 असून यजमानांचे 63 आहे. शिडाच्या नौकेतून दूरचा सागरप्रवास करायचे यजमानांनी मनावर घेतले आहे आणि ते चाळीस फुटी नौका घेण्याच्या विचारात आहेत. मी केवळ सोबत म्हणून जाईन. आम्हा दोघांनाही पोहता येते, पण नौकानयनाचा अनुभव मुळीच नाही. या वयात हे जमेल का?

उत्तर : जमेल. ब्रिटनच्या जीन सॉक्रेटिस यांनी पन्नाशीच्या सुमारास नौकानयनाला सुरुवात केली आणि 2019 मध्ये, वयाच्या 77व्या वर्षी, एकटीने व कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. मात्र या यशामागे अनेक वर्षांचा सराव होता, म्हणून नौकेची खरेदी तूर्त लांबणीवर टाकावी, असा माझा आग्रह आहे.

पहिले धडे एकदोन माणसांच्या लहान होडीत गिरवावेत. वारा जरा फिरला तरी ती लगेच कलते, त्यामुळे चूक जागच्या जागी कळते. मोठ्या नौकेत ती उशिरा लक्षात येते आणि तोवर दोरावरचा ताण हाताबाहेर गेलेला असतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. उतारवयात ताकद कमी पडते हे खरेच, पण वारा वाढण्याची चिन्हे दिसताच शीड आखडून घेण्याची सवय लावली, तर त्या ताकदीची वेळ सहसा येत नाही. वारा पाठीमागून असताना सुकाणू चुकले, तर शिडाखालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, क्षणार्धात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरतो. त्याचा डोक्याला बसलेला फटका जिवावर बेतू शकतो.

‘केवळ सोबत म्हणून’ हे तुमचे शब्द मला सर्वाधिक काळजीचे वाटतात. उदाहरणार्थ, अटलांटिक महासागर ओलांडताना कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंतचे अंतर सुमारे 2,700 सागरी मैल आहे आणि 5 नॉट, म्हणजे ताशी 5 सागरी मैल, वेगाने ते कापायला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागतो. एवढे दिवस दोघांपैकी एकजण झोपलेला असताना दुसऱ्याला पाळीवर एकट्यानेच नौका सांभाळावी लागते. यजमान पाण्यात पडले, तर याच वेगाने नौका एका मिनिटात दीडशे मीटर पुढे गेलेली असेल. ती वळवून परत आणणे आणि भिजलेल्या, थकलेल्या माणसाला कप्पीच्या साहाय्याने वर ओढून घेणे तुम्हालाच करावे लागेल. म्हणून दोघांनीही सारखेच प्रशिक्षण घ्यावे, हा सराव आलटूनपालटून करावा आणि रात्री डेकवर असताना सुरक्षा-पट्ट्याचा दोर नौकेला अडकवलेला असावा.

बोट लागण्याचा त्रास बहुतेकांना दोनतीन दिवसांत कमी होतो, तरी नेहमीच्या औषधांबाबत डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. यानंतर एखाद्या अनुभवी नाविकाच्या नौकेवर खलाशी म्हणून दोघांनी काही रात्रींचा प्रवास करावा. नौका किती फुटी हवी, हे त्यानंतर दोघांनी मिळून ठरवावे. तीस-बत्तीस फुटांची नौका तुम्हाला पुरेशी वाटण्याची बरीच शक्यता आहे.