सीडी आली, पण वर्दी कुणाला?

प्रश्न : जुन्या सीडींवरचे फोटो उतरवून घेतोय. लिनक्सवर जड डेस्कटॉप नको म्हणून नुसता विंडो मॅनेजर (फक्त खिडक्या सांभाळणारा हलका प्रोग्रॅम) ठेवला आहे. पेनड्राइव्ह किंवा सीडी घातली की आपोआप माउंट व्हावी, म्हणजे तिच्यावरच्या फाइली एका फोल्डरमध्ये दिसाव्यात, म्हणून यूडेव्हच्या (उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नियमात माउंटची कमांड लिहिली. पेनड्राइव्ह घातला की नियम चालल्याची नोंद लॉगमध्ये दिसते, पण फोल्डर रिकामंच. सीडीची तर नोंदही नाही. हाताने कमांड दिली की दोन्ही उघडतात. चुकतंय कुठे?

उत्तर : कमांड बरोबर आहे, जागा चुकली. मीही याच खड्ड्यात पडलो होतो. रात्री दोन वाजेपर्यंत नियमातला राहिलेला स्वल्पविराम शोधत बसलो होतो! सिस्टमडी (संगणक सुरू होताना बाकीच्या सेवा चालू करणारा प्रोग्रॅम) असलेल्या लिनक्सवर यूडेव्ह स्वतःच्या वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये, म्हणजे माउंट केलेल्या डिस्कच्या स्वतःपुरत्या यादीत, चालतो. तिथे माउंट केलेली डिस्क त्यालाच दिसते, तुमच्या टर्मिनलला नाही. यूडेव्ह म्हणजे दारावरचा चोपदार. त्याने वर्दी द्यावी. पाहुण्याला आत आणून बसवणं त्याचं काम नव्हे.

ते काम यूडिस्क्स या डिस्क माउंट करणाऱ्या सेवेचं. पण तोही कुणी सांगितल्याशिवाय हलत नाही. मोठ्या डेस्कटॉपमध्ये हे सांगणारं कुणीतरी असतंच, तुमच्याकडे नाही. यूडिस्की नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवा आणि विंडो मॅनेजरच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये त्याचं नाव घाला. पेनड्राइव्हचा प्रश्न तिथेच मिटेल.

सीडीची गोष्ट वेगळी, आणि मला विचाराल तर जास्त मजेची. पेनड्राइव्ह खोचला की यूएसबी हबला लगेच कळतं. सीडी ड्राइव्ह मात्र आधीपासूनच जोडलेला असतो. आत तबकडी आली हे तो आपण होऊन सांगत नाही. म्हणून त्याला सारखं विचारत राहावं लागतं, 'आलं का काही?' पूर्वी ही विचारपूस हॅल नावाचा प्रोग्रॅम करायचा. २०११ च्या २.६.३८ या आवृत्तीपासून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच ती करू शकतो. यूडेव्हच्या नेहमीच्या नियमांत त्यासाठी २००० मिलिसेकंदांचं अंतर ठरवलेलं असतं.

तुमचा ड्राइव्ह ऐकतोय का, हे बघायला टर्मिनलमध्ये 'यूडेव्हॲडम मॉनिटर' (udevadm monitor) चालवा आणि सीडी घाला. काही सेकंदांत 'चेंज' अशी ओळ उमटली पाहिजे. 'ॲड' नव्हे, 'चेंज'. कारण उपकरण नवं नाही, त्यातला माल बदलला. तुमच्या नियमात फक्त 'ॲड' लिहिलं असणार, म्हणूनच सीडीची नोंद नाही. ओळ आलीच नाही, तर सिस (/sys) फोल्डरमध्ये त्या ड्राइव्हच्या नावाखाली 'इव्हेंट्स पोल एमसेक्स' (events_poll_msecs) ही फाइल उघडा. तिथे ० असेल तर विचारपूस बंद आहे.

गाण्यांची सीडी घालून परीक्षा घेऊ नका. तिच्यावर फाइल सिस्टमच नसते, ती माउंट कशी होणार?

आणि तो जुना नियम आधी खोडा. यूडेव्हच्या नेमस्पेसमधल्या माउंटने डिस्क धरून ठेवली, तर बटण दाबूनही ट्रे बाहेर येणार नाही.