गादी, कारकीर्द की राजवट?

प्रश्न असा आहे: आफ्रिकेतल्या स्वाझीलँडचे (आताचं एस्वातिनी) राजे दुसरे सोभुझा यांच्याबद्दल लिहिताना '८२ वर्षांची कारकीर्द' म्हणावं की '८२ वर्षांची राजवट'?

८२ हा आकडा ठेवायचाच असेल तर दोन्ही नकोत. 'ते ८२ वर्षं गादीवर होते' म्हणा, विषय मिटला.

'कारकीर्द' फारसीतून आली, आणि तिच्यातला 'कार' म्हणजे काम. तेंडुलकरची कारकीर्द आपण पहिल्या सामन्यापासून मोजतो, बारशापासून नाही. डिसेंबर १८९९मध्ये वडील वारले तेव्हा सोभुझा होते साडेचार महिन्यांचे. पाळण्यातल्या पोराची कसली कारकीर्द! सवाई माधवरावांना चाळीस दिवसांचे असताना पेशवाईची वस्त्रं मिळाली, तरी त्या काळाला आपण 'बारभाईंचा कारभार'च म्हणतो. इथे बारभाईंच्या जागी आजी होती, लाबोत्सिबेनी. इंग्रजांनी १९०७ साली देशातली जेमतेम एक-तृतीयांश जमीन स्वाझींना ठेवली, तेव्हा आपलीच जमीन परत विकत घ्यायला या बाईंनी लोकांकडून पैसा उभा केला. तरुण पोरं खाणीत राबून तो पैसा आणत. १९२१पर्यंतची कारकीर्द तिची. सोभुझांची २२ डिसेंबर १९२१ ते २१ ऑगस्ट १९८२, म्हणजे साठ वर्षं आठ महिने.

'राजवट'चं जरा वेगळं आहे. या शब्दात माणसापेक्षा सत्ता मोठी. 'राष्ट्रपती राजवट' म्हणताना राष्ट्रपती कोण हे कुणी विचारतं का? १९६८मध्ये स्वातंत्र्य मिळेपर्यंत तिथे राजवट इंग्रजांची होती. बराच काळ ते सोभुझांना राजासुद्धा म्हणत नसत, नुसते 'मुख्य सरदार'. जमिनीचा दावा घेऊन सोभुझा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे साम्राज्याच्या शेवटच्या कोर्टापर्यंत गेले आणि १९२६ साली हरले. मात्र १२ एप्रिल १९७३ला त्यांनी संविधान गुंडाळलं, पक्षांवर बंदी घातली, सगळी सत्ता स्वतःकडे घेतली. तिथून पुढे खुशाल 'राजवट' लिहा.

जाता जाता: तिथे राजाची पदवी 'ङ्ग्वेन्यामा', म्हणजे सिंह. ती मराठीत तशीच खपून जाईल. राजमातेची 'न्द्लोवुकाझी' म्हणजे हत्तीण. तिचं मात्र 'राजमाता'च करा. मराठी घरात सासूबाईंना मानाने हत्तीण म्हणून बघा एकदा.