बाळाच्या आतड्यात नसा नाहीत म्हणजे काय? आईच्या खाण्यामुळं होतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाळाला हिर्शस्प्रंग, म्हणजे आतड्याच्या शेवटच्या भागात नसांच्या पेशी नसण्याचा आजार, निघालाय आणि घरात म्हणतात तुम्ही पपई खाल्ली म्हणून झालं. मी मिरजेला लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, हे बोलणं दर वेळी बाळाच्या आईलाच ऐकावं लागतं आणि मला त्याचा फार राग येतो. पपईनं हे होत नाही.

आतड्याला स्वतःची नर्व्हस सिस्टिम असते, शी पुढं ढकलायचं काम ती मेंदूला न विचारता करते. पण तिच्या नसांच्या पेशी आतड्यात जन्मत नाहीत, गर्भाच्या मानेजवळून निघतात, चौथ्या आठवड्याच्या आसपास अन्ननलिकेत शिरतात आणि वरनं खाली सरकत सातव्या आठवड्यापर्यंत पार शेवटाला पोचतात. कॅनॉलचं पाणी टेलच्या रानाला पोचायच्या आधीच थांबावं तसं या बाळांत होतं, शेवटचा तुकडा कोरडाच राहतो. हे सगळं घडतं तेव्हा कितीतरी बायकांना दिवस गेल्याचं नीट कळलेलंही नसतं. ५००० बाळांमागं साधारण एकाला होतं, मुलग्यांत जास्त. बऱ्याच जणांत रेट नावाच्या जीनमध्ये बदल सापडतो, हे १९९४ ला कळलं.

कोपनहेगनच्या हिर्शस्प्रंग डॉक्टरांनी १८८६ ला हा आजार मांडला तेव्हा सगळ्यांची नजर फुगलेल्या आतड्यावर होती, खरं दुखणं त्याच्या खालच्या बारीक, आवळलेल्या भागात. पेशी नाहीत म्हणून तो सैल पडत नाही आणि वर शी तुंबते. १९४८ ला स्वेन्सन नावाच्या सर्जननी तोच भाग काढून वरचं चांगलं आतडं खाली आणून जोडलं, आजचं पुल-थ्रू ऑपरेशन त्यातनंच आलंय. स्टेम सेलपासून या पेशी बनवून उंदरांच्या आतड्यात सोडायचं संशोधन चालू आहे, पण त्यासाठी ऑपरेशन लांबवू नका.

आणि विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून बाळाच्या शीच्या जागी घालणं बंद करा. त्यानं एकदम भसकन गॅस आणि पातळ शी येते, घरच्यांना वाटतं मोकळं झालं, बाळ बरं झालं, आणि दोन दिवसांनी पोट परत नगाऱ्यासारखं.

ऑपरेशनच्या आधी काय किंवा नंतर काय, पोट टम्म, ताप, घाण वासाचे जुलाब, बाळ मलूल, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच लहान मुलांचे सर्जन असतील तिथं न्या.