इन्व्हर्जनआधी विहीर पाहा
जमिनीखालचे थर ओळखण्यासाठी तुम्ही केलेल्या विद्युतचुंबकीय सर्वेक्षणाच्या, मला पाठवलेल्या नोंदी पाहिल्या. त्या थेट इन्व्हर्जनच्या (नोंदींवरून जमिनीखालच्या थरांचे प्रारूप काढण्याच्या) संगणक-प्रणालीत घालण्याची घाई करू नये. सोलापूर परिसरात वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग कठीण बेसाल्ट असा क्रम बहुधा आढळतो, आणि ओली काळी माती इतकी विद्युतवाहक असते की खालच्या खडकाचा संकेत तिच्यात झाकला जातो. १० ओहम-मीटर रोधकतेच्या जमिनीत १० किलोहर्ट्झला स्किन डेप्थ (संकेत बराच क्षीण होईपर्यंतची खोली) सुमारे १६ मीटर येते, परंतु उपकरणाच्या दोन कॉइलमधील (तारेच्या वेटोळ्यांमधील) अंतर कमी असेल तर त्याची पोहोच त्याहून बरीच उथळ राहते.

खरी अडचण वेगळीच आहे: पातळ पण अधिक वाहक थर आणि जाड पण कमी वाहक थर जवळजवळ सारख्याच नोंदी देऊ शकतात, त्यामुळे आकडे जुळले म्हणजे उत्तर बरोबर, असे समजू नये. म्हणून जवळच्या न बांधलेल्या विहिरीच्या भिंतीत दिसणाऱ्या थरांची जाडी मोजून ती प्रारूपात कायम ठेवावी. इन्व्हर्जनमध्ये गुळगुळीतपणाचा भार (थरांतील बदल हळूहळू दाखवण्याची सक्ती) वाढवला की मुरूम आणि खडक यांतील सीमा पसरट दिसते. पंपाच्या केबलजवळच्या व तारेच्या कुंपणालगतच्या, धातूमुळे बिघडणाऱ्या नोंदी निःसंकोच वगळाव्यात.