नवकविता आणि चित्रकला, दोन्हींवर काम करायचंय. एम.ए. कशात करू?

तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी मराठी घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहात आणि प्राध्यापकीच करायची आहे. माझं मत सरळ आहे: एम.ए. मराठीतच करा, चित्रकला पीएच.डी.च्या विषयात आणा.

कारण जाहिरातीत विषय एकच छापलेला असतो. सहायक प्राध्यापकाला संबंधित विषयात एम.ए.ला 55 टक्के (राखीव प्रवर्गाला 50) लागतात, वर नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा. एम.ए. एका विषयात आणि नेट दुसऱ्यात असली की अर्ज छाननीतच अडकतो. कला-इतिहासाची जागा आपल्याकडच्या कॉलेजांत शोधूनही सापडत नाही. मराठीची निदान तासिका तत्त्वावर तरी मिळते. नेटला 3 तासांत 150 प्रश्न, 300 गुण. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.

खरी फसगत होते विषय निवडताना. 'मर्ढेकरांची कविता आणि आधुनिक चित्रकला' असं ऐसपैस काही घेतलं की 'कविता चित्रमय आहे' यापलीकडे प्रबंध जात नाही. धागा हातात धरता येईल अशा वस्तूत शोधा. कवी अरुण कोलटकर मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकले, जाहिरातीत रमले. त्यांच्या पुस्तकाचं पान कसं मांडलंय यावर बोट ठेवता येतं. प्रभाकर बरवे चित्रकार, पण 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिलं. साठच्या दशकातली लघुनियतकालिकं, म्हणजे कवी-लेखकांनी स्वतःच काढलेली छोटी मासिकं, तर खाणच. प्रत्येक अंकाची नोंद करा: आकार, कागद, छापील की सायक्लोस्टाइल (स्टेन्सिलवरून काढलेला), मुखपृष्ठ कोणाचं, चित्राशेजारी कोणती कविता. मात्र ग्रंथालयात बांधीव खंड मिळाला तर सावध. बाइंडर बरेचदा मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून टाकतो, म्हणजे तुमचा पुरावाच रद्दीत गेलेला असतो. सुटे अंक जुन्या वर्गणीदारांच्या घरी विचारा.

चित्रकार वासुदेव गायतोंडे 1924 साली नागपुरात जन्मले म्हणून त्यांचा मोह होईल. पण रोलर आणि पॅलेट नाइफने चढवलेले, खरवडलेले त्यांचे थर मोबाइलवर सपाट दिसतात. मूळ चित्र पाहिल्याशिवाय पोताबद्दल एक ओळही लिहू नका.

आणि परवानगी. मर्ढेकर 1956 मध्ये गेले, त्यांच्या कवितांवरच्या कॉपीराइटची मृत्यूनंतरची 60 वर्षं संपली. गायतोंड्यांच्या चित्रांची 2061 पर्यंत चालतील. प्रबंधात समीक्षेपुरतं चित्र चालून जातं. त्याचंच पुस्तक करताना प्रकाशक हक्कधारकाचं पत्र मागतो. त्यासाठीची विनंती पहिल्या वर्षीच पाठवा, उत्तराला महिने लागतात.