खेळण्यातल्या गाडीचं बटण आणि बारावीचं वर्ष

नागपूरच्या मानेवाड्याहून एका आईचं पत्र आलं आहे. त्यांचा मुलगा यंदा बारावीत आहे, विषय पीसीएम, सोबत जेईईचा क्लास. त्यांच्या भावाची सहा वर्षांची मुलगी सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा राहत नाही, त्या विकारामुळे) चालू शकत नाही. वाढदिवसाला तिच्या वडिलांनी १२ व्होल्टची बॅटरीची जीप आणली, पण तिला पायाने पेडल दाबता येईना. तेव्हा या मुलाने पेडलच्या वायरी काढून स्टिअरिंगवर दाराच्या बेलचं बटण बसवलं. मुलगी स्वतः गाडी चालवू लागली. काही दिवसांनी बटण अडकलं, हात काढला तरी गाडी थांबेना आणि ती कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन आदळली. सुदैवाने कुणाला लागलं नाही. मुलाचे वडील म्हणाले, "आता हे उद्योग बंद, अभ्यासाला बस." मुलगा म्हणतो, "मला असंच काम करायचं आहे." आईने तीन गोष्टी विचारल्या आहेत: असं काही काम जगात असतं का, यंदा त्याला थांबवावं का, आणि ती गाडी पुन्हा त्याच्या हातात द्यावी का.

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात एका लहान मुलीचा जीव गुंतलेला आहे. गाडी त्याच्या हातात जरूर द्या. मात्र ती दुरुस्त होऊन तपासली जाईपर्यंत भाचीला तिच्यात बसवू नका.

ते बटण त्याला उघडायला सांगा. आत पितळेच्या दोन बारीक पट्ट्या असतील आणि त्यांच्या टोकाशी काळा डाग, कदाचित वितळून गोठलेला एक ठिपका दिसेल. बेल वाजायला करंट अगदी नावापुरता लागतो आणि ते बटण तेवढ्यासाठीच असतं. गाडीची मोटार मात्र जागेवरून उठताना, तेही वर मूल बसलेलं असताना, चालतानाच्या कितीतरी पट करंट ओढते. त्यातून बॅटरीचा करंट डीसी, म्हणजे सतत एकाच दिशेने वाहणारा. घरातला ५० हर्ट्झचा एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे बटण सोडताना उडालेली ठिणगी लगेच विझते. डीसीत ती रेंगाळते. पट्ट्या थोड्या थोड्या जळत जातात आणि एक दिवस एकमेकींना चिकटून बसतात. मुलाने निष्काळजीपणा केला असं मी म्हणणार नाही. बटणावर ॲम्पिअर आणि व्होल्ट लिहिलेले असतात, ते एसीचे की डीसीचे हे बघायचं असतं, हे त्याला अजून कुणी शिकवलेलं नव्हतं.

उपाय असा की मोटारचा करंट मुलीच्या हाताखालच्या बटणातून जाऊच द्यायचा नाही. मोटारसायकल-कारच्या हॉर्नला, हेडलाइटला जी १२ व्होल्टची रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावतात, ती गाड्यांच्या इलेक्ट्रिकच्या कोणत्याही दुकानात मिळते. बटणाने फक्त रिलेची कॉइल (आतली तारेची गुंडाळी) चालू-बंद करायची, मोटारचा भार रिलेने उचलायचा. कॉइलवर उलटा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाकायचा, म्हणजे बटण सोडताना उठणारा झटका तिथल्या तिथे जिरतो. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: रिलेही चिकटू शकते. म्हणून गाडीच्या मागच्या बाजूला, बॅटरीच्या मुख्य वायरवर, मोठ्या माणसाच्या हाताला सहज लागेल असा वेगळा स्विच हवाच, आणि तो मोटारचा डीसी करंट तोडू शकेल एवढ्या ताकदीचा हवा. समोरचं बटण, रिले काहीही बिघडलं तरी मागून चालणाऱ्याने तो ओढला की गाडी मेली पाहिजे. हे सगळं झालं की गाडी विटांवर उचलून चाकं अधांतरी ठेवायची आणि बटण शेकडो वेळा दाबून सोडून बघायचं. नंतर पोत्यात वजन भरून अंगणात चालवायची. भाचीचा नंबर त्यानंतर.

इथपर्यंतचं काम विजेचं झालं. आता जे सांगतो ते मुलाला वाचून दाखवा, कारण त्याच्या करिअरचा प्रश्न इथेच सुरू होतो.

वापरायला सोपं बटण म्हणजे मोठं बटण, असं पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं. मोठेपणाचा उपयोग होतो, पण तेवढ्याने भागत नाही. सेरेब्रल पाल्सीच्या काही प्रकारांत मूल आनंदाने उचंबळलं की स्नायू आणखी ताठतात आणि मूठ आवळली जाते. म्हणजे गाडी सुरू झाली, ती खूश झाली, आणि नेमक्या त्याच क्षणी तिला हात उचलता येईना, असं होऊ शकतं. बटण दाबता येतं का हे तुमच्या मुलाने पाहिलं असेल. ते सोडता येतं का, हे पाहिलंय का? हात ताठून छातीकडे ओढला जात असेल तर बटण अशा जागी आणि अशा कोनात बसवता येतं की हात ओढला गेला की तो आपोआप बटणावरून सुटेल. गाडी सुरू होताना बसणारा हिसका ही दुसरी अडचण. अशी काही मुलं दचकतात तेव्हा सगळं अंग आखडून घेतात. मोटारला हळूहळू वेग देणारा पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावला तर हिसका जातो. बटण दाबायला किती जोर लागतो तो स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजता येतो: बटण काट्यावर ठेवायचं, बोटाने हळूहळू दाबत जायचं आणि "टक" झालं की आकडा लिहून ठेवायचा. लाळ गळत असेल तर बटणाच्या फटीतून ओल आत जायला नको. आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर गेलेला असताना, अंगणात उभ्या गाडीवरचं काळं बटण हाताला चटका देतं. याचा विचार इथल्याच माणसाने करायचा.

यातलं बरंचसं त्याला पुस्तकात सापडणार नाही, भाचीच्या थेरपिस्टकडे सापडेल. इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं (रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचाराचं) शिक्षणही होतं आणि उपचारही. भाची जिथे जात असेल तिथे एकदा मुलाला सोबत न्या आणि त्याने फक्त दोनच प्रश्न विचारावेत: तिची सगळ्यात भरवशाची हालचाल कोणती, आणि कोणती हालचाल तिने जास्त करावी असं तुम्हाला वाटतं? उत्तर "हात" असेलच असं नाही. ते मान असेल, कोपर असेल, गुडघाही असेल. म्हणून बटण गाडीला कायमचं जोडूच नये. जुन्या हेडफोनला असायची तशी ३.५ मिलिमीटरची मोनो पिन जगभरातल्या अशा बहुतेक स्विचना असते. गाडीत तेवढं सॉकेट बसवलं की आज हाताचं बटण, उद्या मानेजवळचं, असं बदलता येतं. बटणातून आता फक्त कॉइलचा किरकोळ करंट जाणार असल्याने ही बारीक पिन पुरते.

थेरपिस्टला विचारायच्या दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व कळावं म्हणून एक उदाहरण. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठातले तेव्हाचे फिजिओथेरपीचे प्राध्यापक कोल गॅलोवे यांनी "गो बेबी गो" नावाचा उपक्रम सुरू केला. बाजारातल्या अशाच बॅटरीच्या गाड्या घ्यायच्या, पेडलऐवजी मोठं बटण बसवायचं, पीव्हीसी पाइप आणि फोमने मुलाला नीट आधार द्यायचा. त्यांच्या काही गाड्यांत बटण सीटवर असतं आणि त्याची जोडणी उलटी असते: मूल बसलं की गाडी थांबते, उठून उभं राहिलं की चालते. गाडी चालवायची हौस म्हणून मूल उभं राहायचा सराव करतं, तोही रडारडीशिवाय. तीच मोटार, तीच बॅटरी. कुणीतरी त्या मुलाकडे नीट पाहिलं होतं, एवढाच फरक.

तेव्हा ताई, असं काम जगात आहे. आपल्याकडेही आहे. कानपूरची ॲलिम्को ही केंद्र सरकारची कंपनी दिव्यांगांसाठी साधनं बनवते. आयआयटी मद्रासमध्ये पुनर्वसनाच्या उपकरणांवर काम करणारं टीटीके आर२डी२ केंद्र आहे. तिथल्या संशोधनातून उभ्या राहिलेल्या निओमोशन कंपनीने व्हीलचेअरला पुढून जोडायचं मोटारचं जोडसाधन बाजारात आणलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांची नोंद आहे आणि त्यातल्या कितीतरी लोकांना रोजची साधी वस्तूही आहे तशी वापरता येत नाही. पण फक्त दिव्यांग मुलांची खेळणी बनवून पगार देणाऱ्या नोकऱ्या आपल्या देशात फार थोड्या आहेत, हेही स्पष्ट सांगायला हवं. त्याच्या वडिलांची काळजी खोटी नाही. दिलासा एवढाच की हेच कौशल्य, म्हणजे माणसाचा हात आणि यंत्र यांच्यामधली जागा नीट रचणं, वैद्यकीय उपकरणांना लागतं, इलेक्ट्रिक गाड्यांना लागतं, मिक्सरपासून लिफ्टपर्यंत सगळ्याला लागतं. पोट त्यावर भरतं आणि मनातलं काम सोबत करता येतं.

आता कोणती शाखा? इथे बहुतेक घरी कॉलेजच्या नावावरून चर्चा सुरू होते. मी ती या बटणावरून करा म्हणेन. दुरुस्तीच्या काळात तो कशात रमतो ते बघा.

रिले, डायोड, कंट्रोलर यांत तो तासन् तास हरवत असेल, तर इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग त्याचंच आहे. जेईईतून नागपूरचंच व्हीएनआयटी किंवा सीईटीतून इथलं दुसरं चांगलं कॉलेज, घराजवळ राहून होईल. इंजिनिअर झाल्यावरही डिझाइनचं दार उघडं राहतं: सीईईडी परीक्षा देऊन आयआयटीत एम.डेस., म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी, करता येते. एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या) गांधीनगर कॅम्पसला तर टॉय अँड गेम डिझाइन या विषयातच एम.डेस. आहे.

सर्किट एकदा चाललं की त्याचा त्यातला रस संपतो आणि मग तो बटणाचा आकार, कोन, जागा पुन्हा पुन्हा बदलत बसतो, पुठ्ठ्याचे नमुने कापतो, भाचीला "आता बघ, आता कसं वाटतं?" विचारत राहतो, असं दिसलं तर बारावीनंतर थेट बी.डेस.चा (डिझाइनच्या पदवीचा) विचार गंभीरपणे करा. त्यासाठी युसीड ही परीक्षा आहे, बारावी कोणत्याही शाखेतून चालते. आयआयटी मुंबईसह काही आयआयटी आणि आपल्याला जवळ पडणारं ट्रिपल आयटीडीएम जबलपूर ही संस्था तिच्या गुणांवर प्रवेश देतात. एनआयडीची डॅट ही प्रवेश परीक्षा वेगळी. तिच्या दुसऱ्या फेरीत हाताने मॉडेल करून दाखवावं लागतं. भोपाळलाही एक एनआयडी आहे, एनआयडी मध्य प्रदेश. तुमच्या पत्रावरून मला हा मुलगा या दुसऱ्या वाटेचा वाटतो. त्याने सांगितलेल्या हकिकतीत मोटारबद्दल एक ओळ आहे आणि मुलीचा हात बटणावरून कसा घसरायचा यावर अर्धं पान. पण पत्रावरून एवढंच कळतं. तुम्ही त्याला रोज बघता, तुम्ही ठरवा.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट होणं ही तिसरी वाट. आपल्या राज्यात त्या पदवीसाठी 'नीट' ही परीक्षा द्यावी लागते आणि त्या परीक्षेला बायोलॉजी. पीसीएममुळे ती सध्या त्याच्यासाठी नाही. पुढे आयुष्यभर त्याला थेरपिस्टच्या बरोबरीने काम करायचं असेल, तर त्यांची भाषा मात्र आतापासून कानावर पडू द्या.

राहिला यंदाच्या वर्षाचा प्रश्न. थांबवू नका, पण वेळ बांधून द्या. रविवारची दुपार त्या गाडीची, इतर दिवस हात लावायचा नाही. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत गाडी पूर्ण व्हायला हवी, मग बारावी होईपर्यंत नवीन काही काढायचं नाही. वडिलांना हे पटेल, कारण त्यांची तक्रार गाडीपेक्षा वेळेबद्दल आणि धोक्याबद्दल जास्त दिसते. मागचा स्विच त्यांनीच तपासून "चालेल" म्हणावं, असं ठरवा.

या रविवारांची एक वही ठेवायला सांगा. आज काय बदललं, भाचीने काय केलं, काय फसलं, हाताने काढलेलं चित्र, तारीख. जळलेलं बटण टाकू देऊ नका, वहीच्या पहिल्या पानाशी पिशवीत घालून ठेवा. डिझाइनच्या मुलाखतीत चकचकीत चित्रांपेक्षा अशी वही जास्त बोलते. भाचीचे फोटो मात्र तिच्या आईवडिलांना विचारूनच काढावेत, आणि ते वहीतच राहू द्यावेत.

एक खबरदारी. गाडी छान झाली की ओळखीतले लोक म्हणतील, आमच्याही मुलासाठी बनवून दे, पैसे घे. आत्ता नाही म्हणा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र आणि आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, विजेच्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक आहे. घरच्या मुलीसाठी गाडी बदलणं वेगळं, विकायला काढणं वेगळं. ते मानक तो वाचेल तेव्हा वाचो, यंदा नको.

युसीडचा फॉर्म साधारण ऑक्टोबरात असतो आणि परीक्षा जानेवारीत, जेईई मेनच्या पहिल्या फेरीच्या आगेमागे. दोन्ही देता येतात. नेमक्या तारखा आयआयटी मुंबईच्या युसीडच्या संकेतस्थळावर बघा आणि फॉर्म भरायला बसाल तेव्हा त्याच्या बाबांनाही शेजारी बसवा. मागच्या वर्षाची प्रश्नपत्रिका तिथेच मिळते. ती आधी बाबांनी सोडवून पाहावी, मग मुलाने.