पहिल्यांदाच ‘सवाई’ला येताय? एवढं करा

‘सवाई’ म्हणजे पुण्यातला शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. त्याच्या सगळ्या दिवसांची तिकिटं काढू नका. कानाला सवय नसेल तर दोन दिवसांत थकवा येतो आणि उत्तम गाणंही ओझं वाटू लागतं. गायन आणि वाद्यवादन दोन्ही असलेला एकच दिवस निवडा.

राग ओळखायच्या मागे आत्ताच लागू नका. नवखे श्रोते इथेच सर्वाधिक अडकतात: नाव आठवण्यात अर्धं गाणं निघून जातं. त्याऐवजी मुखडा पकडा, म्हणजे बंदिशीचा (गायच्या रचनेचा) जो तुकडा घेऊन गायक दर वेळी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो तो. विलंबित (संथ लयीतला) एकताल १२ मात्रांचा, म्हणजे ठोक्यांचा, पण एका आवर्तनाला (तालाच्या एका फेरीला) पाऊण-एक मिनिट सहज लागतं. त्यामुळे मात्रा मोजत बसलात तर हमखास चुकाल. चार-पाच आवर्तनं मुखड्यावर कान ठेवा, सम आपोआप जाणवू लागेल. आणि ती पहिल्यांदा जाणवते तेव्हा फार आनंद होतो!

बाकी सांभाळायचं ते असं:

- आलापीला, म्हणजे राग संथपणे उलगडण्याला, कंटाळून उठू नका. पुढची द्रुत (जलद) बंदीश तिच्यावरच उभी असते. उठायचंच तर दोन कलाकारांच्या मधे.
- तानपुरे सुरात जुळवले जात असताना गप्पा नकोत. तोच षड्ज (‘सा’) पुढे तासभर ऐकायचाय.
- मोबाइलवर चित्रीकरण नको, मागच्यांच्या डोळ्यांवर उजेड येतो.
- भारतीय बैठक असेल तर छोटी उशी आणा. डिसेंबरात रात्री गारठा असतो, शाल हवीच.

घराणी, श्रुती, रागांचे थाट हे सगळं पुढच्या वर्षी.